वारंवार आजारी पडणारे बालक : मामांचीही चौकशी करावी

बालक सतत आजारी असते, अशी तक्रार घेऊन माता येते तेव्हा आपली लेखणी सितोपलादी, च्यवनप्राश वा सुवर्णप्राशनाकडे सहज वळते. बहुतांश बालकांबाबत त्यात वावगे नाही. शाळेत जाऊ लागलेल्या मुलास सर्दी-खोकला व्हायचाच. परंतु या गर्दीत एखादे बालक असे असते, की ज्याचे व्याधिक्षमत्व क्षीण झालेले नसून जन्मतःच अपुरे असते. आम्ही लिहीत आहोत ते त्याच्याविषयी.

सन १९५२ मध्ये अमेरिकन लष्करी वैद्यक ऑग्डेन ब्रुटन यांनी ८ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होणाऱ्या या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन आढळले नाही. ते नियमित टोचू लागताच संसर्गांना आळा बसला. १९९३ मध्ये एक्स गुणसूत्रावरील कारणीभूत जनुक सापडले. सबब हा व्याधी प्रायः मुलग्यांस होतो. दोष पुष्कळदा मातेकडून येतो, ती स्वतः निरोगी असते. सुश्रुताचार्यांच्या आदिबलप्रवृत्त व्याधींतील मातृज भेद येथे आठवतो. (सासरच्या मंडळींसमोर हे बोलताना वैद्याने जीभ सांभाळावी.) म्हणून मामा व मावसभाऊ यांपैकी कोणी बालपणीच दगावले काय, हे अवश्य विचारावे. मातेची प्रतिपिंडे ओसरल्यावर, म्हणजे सुमारे सहा महिन्यांनंतर, आजार सुरू होतात. घसा पाहताना टॉन्सिल सुजलेले नाहीत म्हणून आपण समाधान मानतो. या मुलांत ते जवळजवळ नसतातच!

याहून भयंकर प्रकार पहिल्या काही महिन्यांतच प्रकटतो. न हटणारा अतिसार, तोंडात पुनःपुन्हा येणारी बुरशी, न वाढणारे वजन, आणि बी.सी.जी.ची जखम चिघळून संसर्ग शरीरभर पसरणे. अशा बालकास जिवंत जंतूंची लस घातक ठरू शकते. तान्ह्या बालकाच्या रक्तात लिम्फोसाइट पेशी विपुल असतात. त्या घनमिलिमीटरला ३००० हून कमी आढळल्यास शंका घ्यावी. ही साधी तपासणी तालुक्याच्या गावीही होते. या प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण जितके लवकर, तितकी जगण्याची आशा अधिक. रसायनचिकित्सेची वाट पाहण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

औषधालयाच्या मालकांसही एक विनंती. एकाच बालकासाठी निरनिराळ्या डॉक्टरांच्या प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्या आपल्याच गल्ल्यावर एकत्र येतात. वर्षात दोन न्यूमोनिया, वा दोन महिने प्रतिजैविके देऊनही उतार नाही, असे दिसल्यास पालकांस बालरोगतज्ज्ञांकडे धाडावे. पुढील विशेष तपासण्यांची सोय मुंबईत परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत आहे. जाताना जुन्या साऱ्या चिठ्ठ्या व अहवाल सोबत न्यावेत.