बाळंतपणानंतरचा दुर्लक्षित व्यायाम

बाळंतिणीची काळजी घेण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. सव्वा महिना विश्रांती, मालिश, शेक, डिंकाचे लाडू हे सारे नागपुरातील घराघरांत आजही निगुतीने केले जाते. मात्र, प्रसूतीत ज्या स्नायूंवर सर्वाधिक ताण पडतो, ते दुर्लक्षितच राहतात. खोकताना वा शिंकताना लघवी सुटणे, वायू रोखता न येणे हे त्रास 'बाळंतपणानंतर व्हायचेच' असे समजून अनेक स्त्रिया मुकाट्याने सोसतात. वास्तविक ते बरे होऊ शकतात.

ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना आधार देतात. बाळाचे डोके बाहेर येताना ते ताणले जातात. काही वेळा योनिमार्गालगतचा भाग फाटतो. या जखमेचे चार स्तर मानले जातात. तिसऱ्या व चौथ्या स्तरात गुदद्वार आवळणाऱ्या स्नायूलाही इजा होते. टाक्यांनी जखम सांधली जाते. स्नायूंची ताकद मात्र व्यायामानेच परत मिळवावी लागते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या व्यायामाविषयी लिहिले. तेव्हापासून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

व्यायाम कसा करावा?

पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत. लघवी व वायू एकाच वेळी रोखावेत, तसे स्नायू आत व वर ओढावेत. पोट, मांड्या व नितंब सैल असावेत. श्वास रोखू नये. काही सेकंद आवळून तितकाच वेळ सैल सोडावे. हा अवधी हळूहळू दहा सेकंदांपर्यंत वाढवावा. एका वेळी किमान ८ आवर्तने, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने करावीत. प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून हा व्यायाम करू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. साध्या प्रसूतीनंतर, वेदना नसल्यास, काही दिवसांतच प्रारंभ करता येतो. जखम खोल असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

तीन महिन्यांनंतरही फरक न पडल्यास, शौचावर ताबा नसल्यास किंवा अंग बाहेर येत असल्यास तपासणी आवश्यक आहे. लघवी सतत झिरपत असेल, तर मूत्राशय व योनिमार्ग यांच्यात छिद्र पडलेले असू शकते. त्यावर व्यायामाचा उपयोग नाही. बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. नागपुरात डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय, मेयो व मेडिकल येथे स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो. त्यासाठी संकोच सोडून बोलणे, ही पहिली पायरी होय.