लाखात एक बिस्मथ

बिस्मथ हे नाव बहुतेकांनी वाचलेलं असतं ते पोटाच्या औषधाच्या वेष्टनावर. आवर्तसारणीत शिशाला लागून, ८३व्या घरात बसलेला हा जड, ठिसूळ, किंचित गुलाबी झाक असलेला धातू. २७१ अंश सेल्सिअसला वितळतो आणि गोठताना पाण्यासारखा फुगतो. वीज वाहून नेण्यात अगदीच बेताचा. म्हणजे धातू म्हणून पाहिलं तर जवळजवळ नापासच.

तरी गेल्या दोनशे वर्षांत पदार्थविज्ञानातल्या नव्या परिणामांनी पहिली हजेरी लावली ती वारंवार याच्याच तुकड्यात. उष्णतेतून वीज निर्माण होते हे सीबेकला १८२१च्या सुमारास दिसलं तेव्हा त्याच्या वेटोळ्यात बिस्मथ होतं. १८४५ साली फॅरेडेने प्रतिचुंबकत्वाचा अभ्यास मांडला, त्यात चुंबकापासून सर्वांत जोराने दूर सरणारा धातू हाच. १८८६ मध्ये ग्राट्झ शहरात एटिंग्सहाउझेन आणि नेर्न्स्ट यांना सापडलेला परिणामही बिस्मथमधलाच. इतका योगायोग कुठे असतो? कारण स्फटिकाच्या आत आहे.

बिस्मथचा शुद्ध स्फटिक द्रव नायट्रोजनमध्ये थंड करावा आणि योग्य दिशेने पात्याची धार लावून हलकेच टकटक करावी. तो सरळ चिरतो आणि आत आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग दिसतो. स्फटिक थरांचा बनलेला असल्याची ही साधी खूण. प्रत्येक थर सपाट नसून वरखाली मुडपलेला असतो. थरातल्या तीन शेजाऱ्यांपासून अणूचं अंतर ३.०७ अँगस्ट्रॉम, तर पलीकडच्या थरातल्या तिघांपासून ३.५३. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग.) फरक अर्ध्या अँगस्ट्रॉमचाही नाही, पण सगळी गंमत त्यातच आहे.

ही सहाही अंतरं समान असती आणि रचना चौकोनी घनाची असती, तर बिस्मथ चारचौघांसारखा धातू झाला असता. प्रत्यक्षात अणू जोडीजोडीने थोडे सरकतात, त्यात ऊर्जेची बचत होते आणि इलेक्ट्रॉनांचा भरलेला ऊर्जापट्टा रिकाम्या पट्ट्यापासून जवळजवळ सुटा होतो. हॅरी जोन्स यांनी १९३४ मध्ये हे गणित मांडलं. ‘जवळजवळ’ हा शब्द इथे महत्त्वाचा. पट्टे पूर्ण सुटे झाले असते तर बिस्मथ विद्युतरोधक ठरला असता. पण खालच्या पट्ट्याचा माथा वरच्या पट्ट्याच्या तळापेक्षा किंचित उंच राहतो. म्हणून मूठभर इलेक्ट्रॉन वर सांडतात आणि खाली तेवढ्याच रिकाम्या जागा उरतात. त्याही धनभारासारख्या वीज वाहतात. असा पदार्थ म्हणजे अर्धधातू.

मूठभर म्हणजे किती? तांब्यात प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो. बिस्मथमध्ये साधारण लाख अणूंमागे एक. लाखभर वस्तीच्या गावात एकटाच माणूस रस्त्यावर असावा, तसा. त्याला अडवायलाही फारसं कोणी नसतं. ठरावीक दिशेने ढकलला तर हा इलेक्ट्रॉन आपल्या मूळ वस्तुमानाच्या हजाराव्या हिश्शाइतकाच जड असल्यासारखा वागतो. अतिथंड, शुद्ध स्फटिकात तो न धडकता मिलिमीटरभर जाऊ शकतो. अणूंच्या जगात हा लांबचा प्रवास आहे.

याचा फायदा १९३०मध्ये लायडनला झाला. रशियातून आलेल्या लेव शुब्निकोव्ह यांनी तिथे बिस्मथचे असाधारण शुद्ध स्फटिक वाढवले. तिथल्याच डी हास यांच्याबरोबर त्यांनी ते द्रव हायड्रोजनच्या थंडीत ठेवले आणि चुंबकक्षेत्र वाढवत नेलं. स्फटिकाचा रोध वाढला, पण वाढताना वरखाली हेलकावे घेत. चुंबकक्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतात, त्यांना ठरावीक ऊर्जापायऱ्यांवरच जागा मिळते, आणि क्षेत्र वाढवलं की एकेक पायरी रिकामी होत जाते. हेलकावा त्याचाच. तांब्यातही हे घडतं, पण तिथे गर्दीमुळे पायऱ्या इतक्या दाट असतात की त्या काळच्या चुंबकांना त्या दिसणं अशक्य होतं. आज नव्या थरदार अर्धधातूची पहिली परीक्षा बहुधा याच हेलकाव्यांवर होते. शुब्निकोव्ह पुढे सोव्हिएत युनियनला परतले. १९३७मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना खारकीव्हमध्ये अटक करून गोळ्या घातल्या. वय अवघं छत्तीस.

ग्रॅफाइट हा दुसरा थरदार अर्धधातू. त्याचा उल्लेख टाळता येत नाही, कारण कलकत्त्यात के. एस. कृष्णन आणि गांगुली यांनी १९३९मध्ये दाखवून दिलं होतं की त्यातली वीज थरावरून सुखाने धावते आणि थरांच्या आरपार जाताना हजारो पटींनी अडते. ग्रॅफाइटच्या एकेरी थराच्या, म्हणजे ग्राफीनच्या गाजावाजात हे काम आपल्याकडेही फारसं कुणाला आठवलं नाही, याचं मला नवल वाटतं.

बिस्मथची ताजी गोष्ट मात्र मुंबईची. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी बिस्मथचा स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर ०.५३ मिलीकेल्विनपर्यंत, म्हणजे अंशाच्या दोन हजाराव्या भागाजवळ नेला. तिथे तो अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, झाला. हे काम ‘सायन्स’मध्ये २०१७ च्या सुरुवातीला छापून आलं. एवढी थंडी आणण्यासाठी तांब्याच्या अणुकेंद्रांना बलवान चुंबकक्षेत्रात रांगेत उभं करायचं, बाहेरच्या उष्णतेपासून तोडायचं आणि मग क्षेत्र सावकाश उतरवायचं. ही अतिवाहकता ५.२ मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात मोडते. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्रच चाळीसच्या आसपास आहे, म्हणजे स्फटिकाला पृथ्वीपासूनही लपवावं लागतं!

याहून कमी तापमानाला अतिवाहक होणारं ऱ्होडियम आधीच माहीत होतं, तेव्हा थंडीचा विक्रम हा इथला मुद्दा नव्हे. अडचण इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांमधून अतिवाहकता समजावणाऱ्या १९५७च्या बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांताची आहे. त्याचं गृहीतक असं की इलेक्ट्रॉनांची ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांपेक्षा कितीतरी मोठी असते. बिस्मथमध्ये दोन्ही एकाच पातळीवर येतात आणि जोड्या जमवायला इलेक्ट्रॉनही अपुरे आहेत. त्या सिद्धांताने बिस्मथची अतिवाहकता समजावता येत नाही, असं या गटाने आपल्या निबंधातच स्पष्ट लिहिलं आहे.