कौटुंबिक कलहातील मध्यस्थी : समेट आणि संमती

घरातील भांडण चार वडीलधाऱ्यांनी बसून मिटवावे, ही आपल्या समाजातील जुनी रीत आहे. त्यामुळे न्यायालयाने एखादे प्रकरण मध्यस्थाकडे सोपविले, की पक्षकारांना ती पंचांची बैठकच वाटते. हा समज दूर होणे अगत्याचे आहे. पंच निवाडा देतात. मध्यस्थाला निवाडा देण्याचा अधिकारच नसतो. तो उभय पक्षांचे म्हणणे एकत्र व स्वतंत्रपणे ऐकतो, वादाचे मुद्दे वेगळे करतो आणि तोडगा त्यांनाच शोधावयास लावतो.

या बाबतीत कायद्याची वाटचाल उद्‌बोधक आहे. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३ ने पतिपत्नींचा समेट घडविण्याचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य न्यायालयावर सोपविले. तेथे मुख्य हेतू विवाह टिकविण्याचा होता. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम ९ मध्ये त्याहून व्यापक अशी तडजोडीची कल्पना आली. एकत्र नांदणे अशक्य झाले, तरी मुलांचा ताबा, त्यांच्या भेटी, पोटगी व स्त्रीधन यांविषयी सामोपचाराने ठरविता येते. म्हणून विभक्त होणाऱ्या दांपत्याने केलेली तडजोड ही मध्यस्थीची हार मानू नये. वैवाहिक वाद शक्य तितक्या लवकर मध्यस्थीकडे पाठवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले, ते याच दृष्टीने महत्त्वाचे होय.

तथापि खरी कसोटी आहे ती संमतीची. जिला स्वतःचे उत्पन्न नाही व माहेरी थारा नाही, अशा स्त्रीने मान डोलावली म्हणजे तिची संमती मिळाली, असे नव्हे. पतीची मिळकत ठाऊक नसताना तिने मान्य केलेली पोटगी हा समझोता नसून निरुपाय होय. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पोटगीच्या प्रकरणांत उभय पक्षांनी मिळकत व मालमत्ता यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक ठरविले. मध्यस्थीतही आकडे ठरण्यापूर्वी ही माहिती समोर असावी. त्याचप्रमाणे स्वतंत्र भेट, कायद्याचा सल्ला आणि विचारास अवधी, या गोष्टी दुर्बळ पक्षास मिळाल्याच पाहिजेत. जेथे मारहाणीचे भय आहे, तेथे संरक्षण आधी, बोलणी मागाहून.

तात्पर्य, किती प्रकरणे मिटली यावरून मध्यस्थीचे यश मोजू नये. 'नाही' म्हणण्याची मोकळीक असताना किती जणांनी 'होय' म्हटले, यावरून ते मोजावे.