खारट जमिनीतील भात

मुलांनो, कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की काय होते? फोडींना पाणी सुटते. मीठ पाणी ओढून घेते. खारट जमिनीतही असेच घडते. शेतात पाणी असते, पण मुळांना ते शोषता येत नाही. पाण्यात उभे असूनही रोप तहानलेले राहते व करपते.

रायगड जिल्ह्यात खाडीकाठी भातशेती आहे. भरतीचे पाणी अडवण्यासाठी शेतकरी मातीचे बांध घालतात. बांध फुटला, तर वर्षाचे पीक जाते. म्हणून तेथे मीठ सोसणारे भात लावतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ अशा जाती तयार केल्या. गोव्यातील शेतकरी तर पिढ्यान्‌पिढ्या ‘कोरगूट’ पेरत आले आहेत.

या भाताची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवतात. तरी थोडे आत शिरतेच! ते रोप जुन्या पानांत साठवते. ती पाने वाळतात, पण कोवळी पाने व लोंब्या वाचतात.

खाडीतल्या तिवराची युक्ती वेगळी आहे. दूर कतार या वाळवंटी देशातही, अल खोर शहराजवळ, समुद्रकाठी तिवराची झाडे आहेत. ती पानांवाटे मीठ बाहेर टाकतात. पानांवर मिठाचे बारीक कण दिसतात.

भाताला हे जमत नाही. कोवळ्या रोपाला तर मीठ फारच बाधते. म्हणून खाडीकाठचा शेतकरी पेरणीची घाई करत नाही. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जाण्याची तो वाट पाहतो.