आवाज आधी, चित्र नंतर

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली आणि तिच्यातलं व्याख्यानगृह पहिल्याच वर्षी निरुपयोगी ठरलं. उच्चारलेला शब्द खोलीत साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा, आणि तेवढ्यात वक्त्याचं पुढचं अख्खं वाक्य त्यावर येऊन आदळायचं. अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे दुखणं वॉलेस सॅबाइन या सत्तावीस वर्षांच्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकावर सोपवलं. वर्दळ थांबली की मध्यरात्रीनंतर त्याचं काम सुरू व्हायचं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा, आणखी गाद्या आणून पुन्हा मोजायचा. सकाळ व्हायच्या आत सगळ्या गाद्या जागेवर. या खटाटोपातून त्याला नियम सापडला: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि तिच्यात आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका लवकर विरतो. भिंतींवर फेल्ट लावल्यावर त्या व्याख्यानगृहात शिकवता येऊ लागलं.

आपल्याकडे वर्ग ‘स्मार्ट’ करताना नेमकं हेच राहून जातं. उघड्या प्लास्टरच्या भिंती, फरशी, काँक्रीटचं छत, लोखंडी बाकं. यातलं काहीच आवाज फारसा शोषत नाही. डोक्यावर पंखे, खिडकीबाहेर रस्ता. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत स्वर पोहोचतात, पण ‘स’, ‘त’, ‘क’ वाटेतच हरवतात, आणि शब्द ओळखू येतो तो बराचसा व्यंजनांमुळे. अशा खोलीत ॲम्प्लिफायर वाढवला की शब्दाबरोबर घुमणंही तेवढंच वाढतं. मोठ्यानं ऐकू येतं, स्पष्ट ऐकू येत नाही. तरीही खरेदीच्या यादीत पहिला मान प्रोजेक्टरचा. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था आयसीटी साधनं असलेले वर्ग मोजत आली आहे, म्हणून साधनं येतात. ती रोज चालती ठेवण्याचं काम मात्र कुणाच्या तरी मूळ कामात भर म्हणून टाकलं जातं. बहुतेक ठिकाणी हा माणूस प्रयोगशाळा सहायक असतो, कुठे संगणक विभागातला कुणी, कुठे हाताला वळण असलेला शिपाई. त्याच्या कामाला मी कसब म्हणतो, आणि ते कसब बारकाईनं बघण्यासारखं आहे.

माइकनं शिट्टी मारली की नवखा माणूस आवाज कमी करतो. जाणता आधी स्पीकर कुठे आहे ते बघतो. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून स्पीकरमधून बाहेर येतो, आणि हे चक्र शिट्टीपर्यंत जातं. म्हणून स्पीकर बोलणाऱ्याच्या पाठीशी ठेवायचे नाहीत, पुढे ठेवायचे. आणि माइक तोंडाशी न्यायचा. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की माइकला मिळणारा आवाज सहा डेसिबलनं वाढतो, मग ॲम्प्लिफायरला तेवढं ताणावं लागत नाही. भिंतींवर उंच, सडपातळ कॉलम स्पीकर दिसतात त्यामागेही विचार आहे. ते आवाज आडवा पसरवतात, वर-खाली कमी. त्यामुळे तो बाकांकडे जातो, छताकडे कमी जातो. लॅपटॉप जोडताच घरघर सुरू झाली, तर जाणता माणूस आधी चार्जर काढून बघतो. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर यांचं अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी झालं असेल तर ऑडिओ केबलमार्गे एक नको असलेला फेरा तयार होतो. चार्जर निघाला की पुष्कळदा घरघरही जाते.

प्रोजेक्टरचं पथ्य सोपं, पण रोजचं. फिल्टरवरची धूळ काढायची, आणि दिव्याच्या प्रोजेक्टरचा आतला पंखा थांबेपर्यंत मेन स्विच बंद करायचा नाही. चित्र फिकं दिसलं की दोष दिव्याला दिला जातो, पण पुष्कळदा कारण खोलीत असतं. प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही. पडद्याचा उजेड न पडलेला भाग, तोच काळा. खोलीतला उजेड पडद्यावर आला की काळा राखाडी होतो आणि आलेखातल्या बारीक रेषा पुसल्या जातात. फळ्याजवळच्या ट्यूबना वेगळं बटण असेल तर तेवढ्याच बंद करून मुलांच्या वह्यांवर उजेड ठेवता येतो. वायरिंगच्या वेळीच हे सांगायला हवं. नंतर भिंत फोडावी लागते.

मराठीच्या तासाला आणखी एक अडचण येते. श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमध्ये घरी केलेलं सादरीकरण वर्गातल्या संगणकावर उघडलं आणि तिथे तो फाँट नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटतो. युनिकोडमध्ये टंकलेखन करावं, ते जमत नसेल तर फाँट आत साठवलेली पीडीएफ आणावी. हे शिक्षकाला तासाच्या आदल्या दिवशी सांगणारा माणूस कॉलेजात असेल तर त्या तासातली वीस मिनिटं वाचतात.

अशा माणसाला पदनाम आणि वेळ मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. वर्गाची किल्ली पहिल्या तासाआधी त्याच्या हाती पडावी. कॉलर माइकचे जादा सेल आणि एक जास्तीची एचडीएमआय केबल त्याच्या कपाटात असावी. कुठल्या खोलीत काय बिघडलं आणि कशानं सुधारलं याची नोंदवही असावी, म्हणजे तो निवृत्त झाल्यावर पुढच्याला पहिल्यापासून शिकावं लागणार नाही. आणि पुढचा प्रोजेक्टर घेण्याआधी त्याला विचारून थोडे पैसे खोलीवरच खर्च करावेत. शिक्षकाचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, म्हणून आवाज शोषणारे पॅनेल आधी तिथे. खिडक्यांना जाड, चुणीदार पडदे लावले तर उजेडही अडतो आणि घुमणंही कमी होतं.