एकदाच, पण नंतर: 'अ‍ॅट' कमांड

मागच्या भागात आपण क्रॉन पाहिलं, तेव्हा एक प्रश्न राहून गेला होता. काम रोज नकोय, एकदाच हवंय, पण आत्ता नाही. मग काय करायचं? बरेच जण क्रॉनमध्येच तारीख आणि महिना टाकून मोकळे होतात. ती ओळ काढायची राहिली, की पुढच्या वर्षी त्याच तारखेला काम पुन्हा होतं. जुना डेटा उडवणारी स्क्रिप्ट असेल तर बसा मग बोंबलत.

यासाठी 'अ‍ॅट' आहे. कमांड जुनी, १९७९ च्या युनिक्समध्येही होती. टर्मिनलवर 'अ‍ॅट' आणि वेळ लिहायची, एंटर मारायचं, मग जे काम करायचंय ती कमांड, आणि शेवटी नव्या ओळीवर कंट्रोल-डी. झालं, काम रांगेत. 'एटीक्यू' रांग दाखवतं. 'एटीआरएम'ला कामाचा नंबर दिला की काम रद्द. वेळ म्हणून 'नाऊ + २ अवर्स' चालतं, 'मिडनाइट' चालतं, अगदी 'टीटाइम'सुद्धा चालतं, म्हणजे दुपारचे चार!

पण खरा उपयोग पुढे आहे. समजा तुम्ही पुण्यात बसून एसएसएचने दूरच्या सर्व्हरची फायरवॉल बदलताय. एक नियम चुकला की तुम्हीच बाहेर. म्हणून नियमांना हात लावण्याआधी 'सुडो अ‍ॅट नाऊ + १० मिनिट्स' लिहा आणि आत 'यूएफडब्ल्यू डिसेबल' टाकून ठेवा. अडकलात तर १० मिनिटं थांबायचं, फायरवॉल आपोआप बंद होईल. सगळं नीट असेल तर 'सुडो एटीआरएम'ने ते काम काढून टाका. मात्र आधी दुसऱ्या टर्मिनलमधून नवं लॉगिन करून बघा. जुनं कनेक्शन चालू आहे म्हणून खूश होऊ नका. आणि हो, सुडो 'अ‍ॅट'च्या आधीच लावायचा. आतल्या कमांडला लावलात, तर वेळ आल्यावर पासवर्ड टाइप करायला तिथे कोण असणार?

हे सगळं 'एटीडी' नावाची सेवा चालू असेल तरच. ती बंद असली तर काम रांगेत नुसतं पडून राहतं, त्यामुळे आधी तिचं स्टेटस बघा. कामाचं आउटपुट स्क्रीनवर येत नाही, सर्व्हरवरच्याच मेलमध्ये जातं. मेल लावलेला नसेल तर ते फाइलमध्ये वळवा.

शेवटचं, घड्याळ. बरेच सर्व्हर यूटीसीवर असतात. तिथे रात्री ११ चं काम लावलं, तर आपल्याकडे ते पहाटे साडेचारला होतं. आधी 'डेट' मारून बघा.

पुढच्या भागात सिस्टमडीचे टायमर. भेटूच!