पेनीची सूट, पौंडाचा भार

सरकार सवलत देतें, तरी उपाहारगृहांचे दर चढतात कां? विलायतेचें उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्यें तेथील सरकारनें पबांत पिंपांतून दिल्या जाणाऱ्या बिअरवरील कर उतरविला. पिंटामागें सूट अवघी एक पेनी. त्याच वर्षीं एप्रिलांत मालकानें नोकरांमागें भरावयाची राष्ट्रीय विम्याची वर्गणी १३.८ वरून १५ टक्के झाली. प्रौढ कामगाराचें किमान वेतन तासास ११.४४ वरून १२.२१ पौंडांवर गेलें. आणि इंग्लंडांत धंद्याच्या जागेवरील पट्टींतील सूट ७५ वरून ४० टक्क्यांवर आली. वेतनवाढ न्याय्यच, पण हा भार मालकानें दरांत न चढविला, तर नोकर कमी करण्याची पाळी येते. तेव्हां सवलतीचा हिशेब करतांना सरकारनें एका हातानें दिलेलें व दुसऱ्या हातानें घेतलेलें, दोन्ही मांडावें.